पळस फुलला, पण आमचं काय?

यावेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला आणि हसूच आलं, निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गाऱ्हाणं, की ताई, बाहेर सगळं कसं फुलून राहिलं, काटोल रोडनं पळस पेटलाय, आंब्याला मोहोर आलाय, व्हॉट्सॲपवर सकाळपासून वसंताच्या शुभेच्छा येऊन पडतात, आणि आपल्याला मात्र धड झोप नाही, भूक नाही, नुसती चिडचिड. आता खरं सांगू का, वसंत पंचांगात चांगला दोन महिन्यांचा असतो, चैत्र आणि वैशाख. नागपुरात तेवढा तो कुठे मिळतो? शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते, उरलीसुरली होळीत जळते, आणि पाडवा येईतो अर्ध्या गल्लीचे कूलर खिडकीत लागलेले असतात. वैशाख तर आपल्याकडे ४५ डिग्रीचा. मधले दोन-तीन आठवडे काय ते वसंताचे, तेही सकाळी १८-२० डिग्री आणि दुपारी ३६-३७, म्हणजे पांघरूणही लागतं आणि पंखाही. त्यातच बोर्डाचे पेपर, मार्च एंडिंग, लग्नं. या दिवसांत डोकं जागेवर नसलं तर त्यात नवल काय हो! तरी काही पत्रं वेगळी होती, ती घेतली. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी ४१ वर्षांची, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे मार्च म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा दहावीला, पेपर चालू आहेत. त्यात सासूबाईंचं वाळवण सुरू झालं, कुरोड्या, पापड, मुंगवड्या, त्यांना एकटीनं झेपत नाही आणि त्या ऐकतही नाहीत, म्हणजे माझा रविवार गच्चीवर. फेब्रुवारीत मैत्रिणींनी पहाटेचा योगा क्लास लावला म्हणून मीही लावला, तीन महिन्यांचे पैसे भरले, आता जाणं होत नाही आणि रोज साडेपाचचा अलार्म बंद करतानाच अपराधी वाटतं, दिवसाची सुरुवातच तशी होते. सगळे म्हणतात स्वतःसाठी वेळ काढ. कुठून काढू? बॅलन्स कसा साधायचा तेवढं सांगा. (मानेवाडा)

उत्तर: आधी तो अलार्म काढा. हे वाचून झालं की लगेच. क्लासवाल्या बाईंना फोन करा की मी पेपर झाल्यावर येते, राहिलेले दिवस पुढे धरता येतात का बघा, त्यांनी धरले तर उत्तम, नाही तर गेले पैसे. पैसे तर तसेही गेलेत, वरून रोज सकाळी स्वतःला बोल लावून घ्यायचं कशाला?

मला या "वसंत आला, नवी सुरुवात करा" प्रकाराचा जरा रागच आहे. आधीच माणसाच्या डोक्यावर चार ओझी, त्यावर योगा, डिटॉक्स, डायरी लिहिणं असं पाचवं ठेवायचं आणि त्याला म्हणायचं बॅलन्स. "स्वतःसाठी वेळ काढ" हेही शेवटी एक कामच झालं ना, तुमच्याच यादीत वाढलेलं. आपल्या आयुर्वेदात ऋतुसंधी सांगितलाय, म्हणजे जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्याचे पहिले ७, आणि या पंधरवड्यात जुनी सवय एकदम सोडायची नाही, नवी एकदम धरायची नाही, थोडं थोडं करत जायचं. सांगितलंय ते खाण्यापिण्याबद्दल आणि दिनचर्येबद्दल, पण मला विचाराल तर कामाच्या यादीलाही तोच नियम लावावा. या दिवसांत काही सुरू करायचं नाही, एखादं काम कमी होतं का ते बघायचं.

मग तुमच्या यादीतलं कमी काय होईल? मार्च एंडिंग ३१ तारखेला संपणार, ते कुणाच्या बापाच्यानं हलत नाही. दहावीचं टाइमटेबल बोर्डाचं. वाळवणाला मात्र तारीख नाही. ऊन काय, एप्रिलमध्ये आहे, मेमध्ये तर विचारूच नका. फक्त एक गोष्ट सांभाळा. कुरोड्यांचे गहू एकदा भिजत पडले की मग सुटका नाही, तीन दिवस ते भिजणार, रोज पाणी बदलायचं, घरभर तो आंबूस वास, मग वाटणं, चीक गाळणं, रात्रभर बसू देणं, आणि पहाटे उठून चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, थंड झाला की दाबता दाबता हात मोडतात. गहू तुमच्या बॅलन्सशीटसाठी थांबत नसतात. म्हणून वाद घालायचाच तर गहू भिजायच्या आधी घाला. सासूबाईंना "यंदा नको" म्हणू नका, तो शब्द कानावर पडला की त्या उद्याच भिजवतील. "आई, पेपर झाले की मी सुट्टी टाकते, मग दोघी मिळून कुरोड्या घालू, तोवर पापडांचं बघा" असं म्हणून बघा. पापड बसल्या बसल्या होतात, शेजारच्या दोघी हाताशी आल्या तर गप्पाही होतात, आणि खरं म्हणजे त्यांना पापडांपेक्षा त्या गप्पाच हव्या असतात असा माझा संशय आहे.

आणि एक, रागावू नका, पण तुमच्या अख्ख्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही. बाहेरगावी असतील तर सोडून द्या. घरी असतील तर पोराला सेंटरवर सोडणं-आणणं आणि रात्रीचा स्वयंपाक, ही दोन कामं ३१ तारखेपर्यंत त्यांची. खिचडी करतील, आलूची भाजी करतील, जे करतील ते निमूट खायचं, मीठ कमी आहे म्हणायचं नाही.

भूक मंदावलीय असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, ते या दिवसांत होतंच. थंडीत साठलेला कफ वसंताच्या उन्हानं पातळ होतो आणि अग्नी मंदावतो असं आयुर्वेद म्हणतो, आणि ते मानायचं नसेल तरी साधी गोष्ट आहे की हिवाळ्यातलं तीळ, डिंकाचे लाडू, तेलाच्या तर्रीचा रस्सा हे आता पोटाला जड जाणारच. ज्वारीची भाकर, मुगाची डाळ, दुपारी ताक, एवढं आठवडाभर करून बघा. सध्या बाजारात मृग बहाराचा संत्रा आलेला असतो, गोड असतो, दोन संत्री पर्समध्ये टाकून ऑफिसला न्या, एसीत बसून पाणी प्यायचं लक्षात राहत नाही आणि संध्याकाळी जे डोकं चढतं ते पुष्कळदा त्याचंच असतं.

स्वतःच्या वेळेचं म्हणाल तर पापड गोळा करायला संध्याकाळी तुम्ही गच्चीवर जाताच. फोन खाली ठेवून जा. बस.

प्रश्न: हॅलो ताई, मी २४ वर्षांचा, मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे, शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. त्रिमूर्तीनगरला दोन मित्रांसोबत टॉप फ्लोअरला रूम आहे. जानेवारीपर्यंत मस्त झोप लागायची, होळीपासून रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा नाही लागून राहिला, मग सकाळी दहाला उठतो तर डोकं जड आणि मूड ऑफ, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मोबाईल बघतो हे मान्य. रूममेट म्हणतो मेलॅटोनिनची गोळी घे. हे सीझन चेंजमुळे होतं का मलाच काही झालंय?

उत्तर: अरे तुला काही नाही झालं, तुझा स्लॅब तापलाय. टॉप फ्लोअरचं सिमेंट दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि रात्री हळूहळू खोलीत सोडतं, म्हणून बाहेर गच्चीवर गार वारा सुटलेला असतो आणि आत मात्र बारा-एक वाजेपर्यंत भट्टी. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान साधारण एखाद डिग्री उतरावं लागतं, खोली तापलेली असली की ते उतरायला वेळ लागतो, तू तोवर कूस बदलतो, कंटाळून मोबाईल घेतो, आणि मग तीन वाजतात.

तेव्हा आधी कूलर काढ. "अजून वेळ आहे" म्हणत तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत असाल, माहीत आहे मला. ताट्या बघ. बोअरच्या पाण्यानं जुन्या ताट्यांवर पांढरी खपली धरते, बोटानं दाबलं की करकर वाजते आणि भुसा गळतो, तशा असतील तर बदल, त्यातून हवा येतच नाही. पंप सुरू करून पाणी चारही बाजूंनी सारखं झिरपतं का ते बघ, एक कोपरा कोरडा राहिला की तिथून गरम हवाच आत येते. आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेव, बंद खोलीत कूलर लावला की नुसता चिकचिकाट होतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मालक ऐकणारा असेल तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या म्हणावं, फरक पडतो.

आता शिफ्टमधला चहा. रात्री ८ च्या ब्रेकला घेतलास तर त्यातलं निम्मं कॅफिन १ वाजताही अंगात असतं. तो चहा पाचच्या आत घे, आठला ताक पी, हसतील हसू दे. घरी आल्यावर कोमट पाण्यानं अंघोळ कर, थंडगार पाणी नको, कोमट पाण्यानं कातडीकडे रक्त येतं आणि मग अंग आतून निवतं.

आणि सकाळी ८ ला उठायचं, रात्री कितीही वाजता झोपला असशील तरी. उठून पंधरा-वीस मिनिटं बाहेर उजेडात चाल, शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, खोलीतल्या ट्यूबलाइटवर नाही. दहाला बाहेर पडशील तर मार्चमध्येही ऊन चावतं, म्हणून आठ. पोह्याच्या ठेल्यापर्यंत जा, तर्री जरा बेतानं घे. पहिले तीन-चार दिवस शिफ्टमध्ये पेंगशील, तेवढं सहन कर. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. हे सगळं दोन-तीन आठवडे नीट करून झोप लागली नाही, किंवा झोप लागूनही कोणाशी बोलावंसं वाटेना, तर मात्र डॉक्टरकडे जायचं, रूममेटला विचारत बसायचं नाही.

प्रश्न: ताई, वयानं तुम्ही लेकीसारख्या असाल, तरी विचारतो. मी ६८ वर्षांचा, निवृत्त. पत्नी मागच्या आषाढात गेली. थंडीभर फुटाळ्यावर आमचा सकाळचा ग्रुप असायचा, फिरणं, चहा, गप्पा, त्यात दिवस निघाले. आता ग्रुप पांगला, दोघं मुलांकडे पुण्याला गेले, एकाचे टोंगळे दुखतात, बाकीचे अंधारात येऊन अंधारात परत जातात. दिवस फार लांब वाटतो. पाडवा जवळ आला. सून म्हणते वर्ष व्हायचंय, यंदा गुढी नको. मला वाटतं उभारावी, पत्नीला फार हौस होती. माझं चुकतं का?

उत्तर: काका, नमस्कार. चुकायचं काय त्यात. वर्षाच्या आत सण करत नाहीत असं पुष्कळ घरांत आहे, काही घरांत वर्षश्राद्ध आधी उरकून घेतात आणि मग सण करतात, काही घरांत गुढी उभारतात पण गोडधोड करत नाहीत. तुमच्या घरचं तुम्ही ठरवायचं, मी इथून निकाल देणारी कोण? फक्त सुनेशी एकदा बसून बोला. तुम्हाला त्रास होईल म्हणून ती नको म्हणत असेल आणि तिला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प बसत असाल, असं फार घरांत होतं.

दिवस लांब वाटतो म्हणता, तो खरंच लांब झालाय काका. डिसेंबरात आपल्याकडे जेमतेम ११ तास उजेड असतो, २०-२१ मार्चला १२ तास होतात, मेअखेर १३ च्या पुढे. ज्याच्या घरात बोलायला माणूस आहे त्याला हा उजेड आवडतो. एकट्या माणसाला ती रिकामी संध्याकाळ नुसती वाढलेली दिसते, आणि वसंताची गाणी गाणारे हे कधी सांगत नाहीत. त्यामुळे तुम्हाला सकाळपेक्षा पाच ते सातचं काहीतरी हवंय. ग्रुपच्या नादाला लागू नका, ग्रुप परत थंडीत जमेल. त्यातला एकच माणूस धरा, तो टोंगळेवाला धरा, त्याला कुठे जाता येत नाही, तोही वाट बघत असेल. त्याच्या घरी जाऊन बसा.

आणि यंदाचा माठ कोणी आणायचा? पत्रात तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी या दिवसांत काकूंनी घासाघीस करून आणला होता. यंदा तुम्ही आणा. टिचकी मारून बघायचा, खणखण वाजला तर घ्यायचा, बदबद वाजला तर तडा असतो. आणल्यावर दिवसभर पाण्यानं भरून ठेवायचा, पहिलं पाणी ओतून द्यायचं, आणि मग पाझरायला लागला की खाली वाळू. या कामात रडू आलं तर येऊ द्या, आणि "वर्ष होत आलं, आता सावरा" म्हणणाऱ्यांना खुशाल हो हो म्हणून सोडून द्या.

एक औषधाचं. बीपीची गोळी चालू आहे म्हणता, त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर ऊन वाढायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवून या, घाम वाढला की डोस बघावा लागतो. या वयात तहान उशिरा लागते, तिची वाट न बघता पाणी प्या.

प्रश्न: ताई, माझी लहान बहीण २९ वर्षांची. होळीच्या आधीपासून रात्री दोन-तीन तासच झोपते पण थकत नाही, पहाटे चारला कपाटं आवरते, इतवारीतून सारख्या साड्या आणते, बुटीक टाकायचं म्हणून कर्ज काढायला निघाली. इतकं भरभर बोलते की मधे बोलता येत नाही, टोकलं की अंगावर येते. मागच्या दिवाळीत महिनाभर खोलीबाहेर आली नव्हती, तेव्हा एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यातली एक चालू आहे. आई म्हणते किती दिवसांनी पोरगी हसली, वसंतात मन फुलतंच, तू नजर नको लावू.

उत्तर: तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. आईंचा आनंद समजतो, पण हे मन फुलणं नाही. आधी महिनाभर खोलीत, आता झोपेशिवाय न थकता धावपळ, पैसा उधळणं, भडकणं, याला बायपोलर आजार म्हणतात तो असू शकतो, तो आहे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञच सांगतील. काही पेशंटमध्ये ही धावपळीची अवस्था दिवस मोठे होऊ लागले की जास्त दिसते. याच आठवड्यात दाखवा, पाडव्यानंतर बघू म्हणू नका. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. चालू असलेली गोळी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवाच, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी अशा पेशंटची गाडी दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. पण स्वतःहून बंद करू नका.

तोवर तिच्याशी वाद नको. रात्री घरात दिवे लवकर मंद करा, पाहुणे नको, चहा-कॉफी कमी. कर्जाच्या कागदावर सही होऊ देऊ नका, कार्ड घरातल्या शांत माणसाकडे राहू द्या. "तुला वेड लागलं" म्हणाल तर ती येणार नाही, "तुझी झोप होत नाही, तेवढं दाखवून येऊ" म्हणा. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः आधी फोन करून विचारा. आणि जीव द्यायच्या गोष्टी बोलली किंवा कोणावर हात उगारला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

प्रश्न: पाडव्याला कडुनिंब खाल्ला की वर्षभर रक्त शुद्ध राहतं म्हणतात. मग रोज ग्लासभर रस घेतला तर? (धरमपेठ)

उत्तर: रक्त गाळायला देवानं मूत्रपिंडं दिलीत, यकृत दिलंय, ती बिचारी पाडव्याची सुट्टीही घेत नाहीत. कोवळी पानं, फुलं, गूळ, चिंच, ओवा, एवढीशी चटणी खावी, तोंड वाकडं करावं, मजा आहे. रोज ग्लासभर रस मुळीच नको, आणि गरोदर बाईनं किंवा लहान लेकरांनी तर नाहीच.

प्रश्न: ताई, दुपारी जेवल्यावर एवढी झोप येऊन राहिली की विचारू नका. आजी म्हणते वसंतात दुपारी झोपू नये. मी वर्क फ्रॉम होम, घरात कोणी बघायला नाही. झोपू का? (गोकुळपेठ)

उत्तर: आजीचं बरोबर आहे, वसंतात दिवसाची झोप वर्ज्यच सांगितलीय, कफ वाढतो म्हणून, आणि ग्रीष्मात मात्र तीच चालते म्हटलंय. तेव्हा आजीला सांग, आजी, नागपुरात ग्रीष्म लवकर येतो. पण वीस मिनिटं, अलार्म लावून, चार वाजेपर्यंत घोरायचं नाही, नाही तर रात्री एकला तूही मला पत्र लिहीत बसशील. आणि जेवणात भात जरा कमी घे, झोप निम्मी तिथंच जाईल.